हवालदाराचा उजवा गुडघा: डिसॅबिलिटी पेन्शनच्या फेटाळलेल्या एका दाव्याची चिरफाड

जुलै २०२०. गेवराई तालुक्यातल्या एका गावात, एका निवृत्त हवालदाराच्या नावे, रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या लष्करी कार्यालयाकडून, एक पानी इंग्रजी पत्र येतं. मजकूर एवढाच, की तुमचं अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेलं नाही आणि सेवेने वाढलेलंही नाही, सबब डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटी पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, देय नाही. मान्य नसल्यास सहा महिन्यांत अपील करावं. लॉकडाऊनचे दिवस, गावात इंग्रजी पत्र नीट वाचणारं कुणी नाही. पत्र पत्र्याच्या पेटीत जातं आणि तीन वर्षं तिथंच राहतं.

हे प्रकरण नमुन्यादाखल जुळवलेलं आहे. यातला हवालदार कुणी एक माणूस नाही. संधिवाताच्या दाव्यांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या चुका आणि पुरावे त्याच्या एका फायलीत आणून ठेवले आहेत. नियम, फॉर्म, मुदती आणि न्यायालयांचे निकाल मात्र खरे आहेत. गावात निवृत्त जवान कुठल्याही हुद्द्याचा असो, त्याला ‘मेजर’च म्हणतात, इथे आपण त्यांना हवालदार म्हणू.

फाइल

भरती १९९६, वय १९, तोफखाना. भरतीवेळी मेडिकल कॅटेगरी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. २४ वर्षं सेवा आणि ३१ जानेवारी २०२० रोजी मुदत संपून निवृत्ती. मधल्या काळात १५५ मिलिमीटरच्या तोफेवर काम. या तोफेचा एक गोळा साधारण ४३ किलोचा, आणि सरावात तो एकदा उचलून भागत नाही.

२००४ मध्ये फील्ड एरियात, म्हणजे सीमेलगतच्या किंवा खडतर तैनातीच्या भागात, उतारावर रात्री तोफ लावताना पाय घसरला आणि उजवा गुडघा पिळवटला. फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या लष्करी रुग्णालयात, पाच दिवस. नोंद ‘गुडघा मुरगळणे’, उपचार विश्रांती आणि गोळ्या. इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६ हा फॉर्म, भरलाच गेला नाही. मुरगळण्याला कोण रिपोर्ट बनवतो! तिथून पाच वर्षं गुडघा अधूनमधून सुजत राहिला.

ऑगस्ट २००९ मध्ये देवळालीला असताना गुडघा अडकू लागला. एमआरआयमध्ये आतल्या बाजूचा मेनिस्कस फाटलेला दिसला. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांच्यामधली कुर्चेची गादी. दुर्बिणीतून ऑपरेशन करून फाटलेला भाग काढला. आधी २४ आठवड्यांची तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी मिळाली, मग कायमची ए-२. शेपमधल्या ‘ए’चा संबंध हातापायांशी. पुढे दर ठरावीक काळाने मेडिकल बोर्ड, म्हणजे लष्करी डॉक्टरांची तपासणी, होत राहिला आणि गुडघा ए-३ पर्यंत घसरला.

२०१९ च्या शेवटी रिलीज मेडिकल बोर्ड, म्हणजे निवृत्तीआधीचा शेवटचा बोर्ड, फॉर्म एएफएमएसएफ-१६. निदानं दोन. उजव्या गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, २० टक्के, आजीवन. कमरेचा लंबर स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मणक्यांची झीज, ११ ते १४ टक्के. एकत्रित ३० टक्के; ही साधी बेरीज नसते. पण दोन्हींसमोर ‘अ‍ॅट्रिब्युटेबल (सेवेमुळे उद्भवलेलं): नाही’, ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड (सेवेने वाढलेलं): नाही’. कारणाच्या रकान्यात एक ओळ: झीज होणारा, शरीरप्रकृतीतून येणारा आजार, सुरुवात पीस स्टेशनला (फील्ड नसलेल्या, शांत ठिकाणच्या छावणीत), इंज्युरी रिपोर्ट नाही. शेवटच्या रकान्यात, पेन्शनसाठी पात्र टक्केवारी: निल.

फौजेच्या बोलीत याला ‘नाना’ म्हणतात, एनएएनए: नीदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड. ‘माझा बोर्ड नाना झाला’ असं कुणी म्हणालं, तर टक्के किती पडले हे विचारण्यात काही अर्थ उरत नाही.

किती पैशाचा प्रश्न आहे

मुदत संपून निवृत्त झालेल्याला सर्व्हिस पेन्शन मिळतेच. वाद असतो तिच्यावर मिळणाऱ्या डिसॅबिलिटी एलिमेंटचा. त्याला अटी दोन: अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेलं किंवा सेवेने वाढलेलं हवं, आणि ते किमान २० टक्के हवं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी टक्क्यांना त्याच प्रमाणात.

समजा हवालदारांचं शेवटचं मूळ वेतन ४२,३०० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००. बेरीज ४७,५००. तिचे ३० टक्के म्हणजे १४,२५०. हा शंभर टक्क्यांचा दर झाला. २० टक्के अपंगत्वाला त्यातले २,८५० रुपये.

पण इथे राउंडिंग ऑफ, म्हणजे ब्रॉड बँडिंग, लागू होतं. १ जानेवारी १९९६ पासूनच्या तरतुदीनुसार ५० पेक्षा कमी टक्केवारी ५० धरली जाते, ५० ते ७५ ची ७५ होते आणि ७६ पासून पुढे थेट १००. सरकार हा फायदा फक्त बोर्ड-आउट झालेल्यांना, म्हणजे आजारामुळे मुदतीआधीच सेवेतून काढलेल्यांना द्यायचं. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात सांगितलं. म्हणजे हवालदारांच्या २० टक्क्यांचे ५० होतात आणि महिन्याला ७,१२५ रुपये, वर महागाई भत्ता.

या हिशेबातून निघणारी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २० टक्के आणि ४९ टक्के यांचं मोल सारखंच. उजवा गुडघा २० टक्क्यांनी मान्य झाला की रक्कम ठरली. कमरेचे ११-१४ टक्के जोडून एकत्रित ३० झाले तरी एक रुपया वाढत नाही. मग कमरेसाठी भांडायचं कशाला? कमरेच्या बाबतीत सेवेतली दुखापत नाही, फील्डमधली नोंद नाही. तो दुबळा मुद्दा आहे आणि दुबळा मुद्दा शेजारच्या भक्कम मुद्द्यालाही खाली ओढतो. समोरचा वकील कमरेवर बोलत राहील आणि गुडघा बाजूला पडेल. कमर सोडायची, हा या प्रकरणातला पहिला निर्णय. एकत्रित टक्केवारी ५० ला टेकत असती तर पुढची पायरी ७५ ची होती. तेव्हा गणित वेगळं झालं असतं.

उलट बाजूही कठोर आहे. बोर्डाने १५-१९ टक्के लिहिले असते तर मुदत संपून निवृत्त झालेल्या माणसाला आजार सेवेचाच ठरूनही काही मिळालं नसतं. सुखविंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं, की सेवेतून बोर्ड-आउट केलं असेल तर अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त आहे असंच गृहीत धरावं. पण तो आधार बोर्ड-आउट झालेल्यांचा.

आधी काय चुकीचं केलं गेलं

ऑक्टोबर २०२३ मध्ये पेटी उघडेपर्यंत हवालदारांनी तीन उद्योग केले होते. तिन्ही मेहनतीचे, आणि तिन्ही फुकट गेलेले.

पहिला, दिव्यांग प्रमाणपत्र. जिल्हा रुग्णालयात रांगा लावून युडीआयडी कार्ड काढलं. हे कार्ड २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतं. त्याची मोजणी वेगळी, बहुतेक सवलतींसाठी तिथला उंबरठा ४० टक्के, आणि लष्करी पेन्शनच्या फायलीत त्याला वजन नाही. एसटी आणि इतर सवलतींसाठी ते कामाचं आहे, म्हणून काढलं हे वाईट झालं नाही. पण ते रेकॉर्ड ऑफिसला पाठवून उत्तराची वाट पाहण्यात वर्ष गेलं.

दुसरा, खासगी एमआरआयचा गठ्ठा. आज गुडघा किती बिघडलाय हे दाखवणारे २०२१, २०२२ आणि २०२३ चे रिपोर्ट. टक्केवारी निवृत्तीच्या वेळच्या बोर्डाची धरतात, आणि असे दावे ऐकणारं सशस्त्र दल न्यायाधिकरण सहसा तिला हात लावत नाही. आजचा गुडघा दोन श्रेणींनी वाईट झाला असला तरी त्यातून २०१९ चं उत्तर बदलत नाही. मांडी घालून बसता येत नाही, शौचाला खुर्ची लागते, कापसाच्या वेचणीला वाकवत नाही: सगळं खरं. पण फाइल विचारते ते दुखणं किती आहे हे नाही. सुरू कधी झालं आणि कशाने झालं, हे ती विचारते. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे कागद आपोआप गळतात.

तिसरा उद्योग सगळ्यात महाग पडला असता. निवृत्तीनंतर वाळूजच्या एका कंपनीत सिक्युरिटी गार्डची नोकरी धरली आणि तिथे ‘पूर्ण फिट’ असं सर्टिफिकेट जोडलं. असं सर्टिफिकेट गावोगाव दोनशे रुपयांत मिळतं. ते समोरच्या हाती लागलं तर पंचाईत. सुदैवाने इथे वाद २०१९ च्या आधीच्या कारणाचा होता आणि टक्केवारी बोर्डानेच दिलेली होती. तरीही ज्यांचा दावा अजून चालू आहे त्यांनी नोकरीच्या फॉर्मवर खरं तेच लिहावं. गुडघ्याचं दुखणं असूनही गार्डची नोकरी मिळते.

माहिती अधिकाराचा अर्ज: मागायचं काय

हवालदारांकडे रिलीज बोर्डाची फक्त शेवटची पानं होती. म्हणून पहिलं पाऊल माहिती अधिकार. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोड कॅम्पला आहे. तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज आणि १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. उत्तराची मुदत ३० दिवस.

‘माझी पेन्शन का नाकारली?’ असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर ‘आमचं जुलै २०२० चं पत्र पाहा’ असंच येणार. कागद नावानिशी मागायचे. भरतीवेळची वैद्यकीय तपासणी एएफएमएसएफ-२. सेवेतले सगळे मेडिकल बोर्ड, एएफएमएसएफ-१५, २००९ पासून. रिलीज बोर्ड एएफएमएसएफ-१६ सगळ्या भागांसह, त्यात जवानाचं स्वतःचं निवेदन आणि कमांडिंग ऑफिसरचं निवेदनही. हॉस्पिटलात दाखल झाल्याच्या आणि डिस्चार्जच्या पार्ट टू ऑर्डर, २००३ ते २०१०. पोस्टिंगची यादी, प्रत्येक ठिकाण पीस की फील्ड या नोंदीसह. आणि दावा नाकारताना फायलीत झालेल्या टिपणी.

पार्ट टू ऑर्डर लोक विसरतात. फील्ड अँब्युलन्सचे जुने कागद मिळत नाहीत. २००४ चे तर नाहीच. पण जवान दाखल झाला आणि सुटला, याची नोंद युनिट पार्ट टू ऑर्डरने करतं आणि ती सेवा अभिलेखात जाते. इथेही पहिलं उत्तर ‘फील्ड अँब्युलन्सचे दस्तऐवज उपलब्ध नाहीत’ असं आलं. पार्ट टूबद्दल उत्तरात अवाक्षर नाही. माहिती अधिकारातलं पहिलं अपील केल्यावर एक पान आलं: २००४, उजवा गुडघा, पाच दिवस.

कागद लवकर मागण्यामागे आणखी एक कारण आहे. २००८ च्या एन्टायटलमेंट रूल्सप्रमाणे, म्हणजे अपंगत्व पेन्शनची पात्रता ठरवणाऱ्या नियमांप्रमाणे, दावेदाराला एरवी आपली पात्रता सिद्ध करावी लागत नाही. पण निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला आणि तोवर सेवेचे कागद नियमाप्रमाणे नष्ट झालेले असले, तर सिद्ध करण्याचा बोजा दावेदारावर येतो.

सापडलं काय

पार्ट टूच्या पानापेक्षा मोठी चीज २००९ च्या बोर्डात होती. ऑर्थोपेडिक सर्जनने पूर्वेतिहासाच्या रकान्यात लिहिलं होतं, की रुग्णाचा उजवा गुडघा २००४ मध्ये फील्ड एरियात ड्यूटीवर असताना पिळवटला आणि तेव्हापासून वारंवार सूज येते. हाताने लिहिलेल्या दोन ओळी. २०१९ च्या रिलीज बोर्डाने आजाराची सुरुवात ‘ऑगस्ट २००९, देवळाली’ अशी टाकली, म्हणजे कॅटेगरी पहिल्यांदा उतरली ती तारीख. दुखापतीची तारीख शोधलीच नाही. देवळाली पीस स्टेशन, म्हणून आजार पीसचा, म्हणून नाना. साखळी अशी चुकीच्या कडीवरून सुरू झाली.

दुसरा कागद अडचणीचा निघाला. रिलीज बोर्डाच्या फॉर्मात जवानाला विचारलेलं असतं, की सेवेतल्या कोणत्या प्रसंगामुळे तुमचं अपंगत्व झालं किंवा वाढलं असं तुम्हाला वाटतं? उत्तराच्या जागी ‘निल’. खाली हवालदारांची सही. प्रत्यक्षात हे फॉर्म बहुधा क्लार्क भरतो आणि जवान घरी जायच्या ओढीत सही ठोकतो. जो अजून सेवेत आहे आणि ज्याचा रिलीज बोर्ड यायचा आहे, त्याने हा एक रकाना स्वतःच्या हाताने भरावा: वर्ष, ठिकाण, काय करताना, कुठल्या हॉस्पिटलात. बाकी फॉर्म क्लार्कने भरला तरी चालेल.

तिसरा कागद २०१९ चे एक्स-रे. उभं राहून, पायावर भार देऊन काढलेले, दोन्ही गुडघ्यांचे. झिजेच्या श्रेणी ० ते ४ अशा मोजतात. ही केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ ची पद्धत. उजवा गुडघा श्रेणी ३, आतल्या बाजूची फट अरुंद. डावा श्रेणी १.

या दाव्याचं वैद्यकीय मर्म याच एक्स-रेत आहे. वय, प्रकृती, वजन यांनी गुडघे झिजतात तेव्हा साधारण दोन्ही झिजतात. एकाच माणसाचे, त्याच वयाचे, तेच वजन पेलणारे दोन गुडघे. एक फार बिघडलेला आणि दुसरा जवळपास ठीक. दोघांत फरक काय? एकाला २००४ ची दुखापत आणि २००९ चं ऑपरेशन. मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यात पुढे झिजेच्या खुणा दिसतात, हे फेअरबँक यांनी १९४८ मध्येच एक्स-रेवरून मांडलं आहे आणि आज ते कुठल्याही ऑर्थोपेडिक डॉक्टरला नवीन नाही.

म्हणूनच आज डावा गुडघाही कुरकुरतो असं हवालदार सांगतात तेव्हा तो दाव्यात घालायचा नाही. डावा गुडघा सामील केला की ‘बघा, दोन्ही झिजले, म्हणजे प्रकृतीचाच आजार’ असं समोरच्याला म्हणता येतं. आपल्याच हाताने आपला सर्वांत भक्कम पुरावा मोडायचा कशाला?

खासगी डॉक्टरचा उपयोग इथे होतो. संभाजीनगरच्या एका ऑर्थोपेडिक डॉक्टरकडून एक पानी अभिप्राय घेतला. त्यात आजच्या दुखण्याचं वर्णन नाही. २००४ ची नोंद, २००९ चा एमआरआय आणि ऑपरेशन, २०१९ चे दोन्ही बाजूंचे एक्स-रे पाहिले. उजव्या गुडघ्याची झीज दुखापतीनंतरची आहे. एवढंच. डॉक्टरने कोणते कागद पाहिले ते तारखांसह लिहिलेलं असावं, नाहीतर अभिप्राय हवेत राहतो.

अपील आणि मुंबई

पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत अपिलीय समितीकडे जातं, नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, पुन्हा सहा महिन्यांत. हवालदारांचं पहिलं अपील तीन वर्षं उशिरा, जानेवारी २०२४ मध्ये गेलं, उशीर माफ करण्याच्या विनंतीसह. बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं अग्रेषण पत्र जोडलं. त्याने निकाल बदलत नाही. पण पत्रव्यवहाराला आवक-जावक क्रमांक मिळतो, आणि ‘तुमचं पत्र मिळालंच नाही’ हे उत्तर येत नाही. एप्रिलमध्ये अपील मुदतबाह्य म्हणून परत आलं.

परत आलेलं हे पत्र म्हणजे पराभव नाही. न्यायाधिकरणात जाण्यासाठी तेच लागतं. सशस्त्र दल न्यायाधिकरण, सगळ्यांच्या तोंडी एएफटी, २००७ च्या कायद्याने स्थापन झालं. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे मूळ अर्ज करायचा. जून २०२४ मध्ये तो दाखल झाला. देवगिरी एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई. पण प्रत्येक तारखेला जायची गरज नसते, वकील हजर राहतो.

अर्जात मागणी दुहेरी ठेवली. मुख्य मागणी, अपंगत्व सेवेमुळे उद्भवलं असं ठरवावं. पर्यायी मागणी, निदान सेवेने वाढलं असं तरी ठरवावं. पैसे दोन्हींत सारखेच मिळतात, त्यामुळे पर्यायी मागणीत कमीपणा काही नाही. २००८ चे नियम आजार ‘वाढण्या’ची कारणं सांगताना फील्ड, लष्करी मोहीम, अतिउंची आणि टोकाचं हवामान यांचा उल्लेख करतात. २००९ च्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही हवालदारांची फील्ड पोस्टिंग झाली होती आणि पोस्टिंगच्या यादीत ती ठळक दिसत होती.

धरमवीर सिंग निकालाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हल्ली प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो फिरतो. २ जुलै २०१३ चा हा निकाल म्हणतो, की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं मानायचं, सिद्ध करण्याचा बोजा जवानावर नाही, आणि बोर्डाने ‘नाही’ म्हणायचं तर कारण द्यायचं. निकाल मोठा आहे, आणि २०१५ च्या राजबीर सिंग प्रकरणात न्यायालयाने तोच धागा पुढे नेला. पण तो १९८२ च्या नियमांवर उभा आहे. सरकारी वकील उठून सांगतो, की अर्जदार २०२० ला निवृत्त झालाय, त्याला २००८ चे नियम लागू आहेत. त्यात सेवेत आजार दिसला एवढ्यावर तो सेवेचा ठरत नाही. त्यामुळे अख्खा अर्ज या एका निकालाच्या खुंटीला टांगणं धोक्याचं. इथे निकाल जोडला, पण मुख्य भार २००४ च्या पानावर आणि दोन एक्स-रेवर ठेवला. गृहीतक मानलं नाही तरी साखळी कागदावर उभी राहते.

समोरून आलेले मुद्दे अपेक्षितच होते. इंज्युरी रिपोर्ट नाही: तो बनवणं युनिटचं काम, जवानाचं नव्हे, आणि पार्ट टू ऑर्डर त्या दिवशीचा प्रवेश दाखवते. जवानाने स्वतः ‘निल’ लिहिलं: पण २००९ मध्ये, निवृत्तीच्या दहा वर्षं आधी, त्याने लष्कराच्याच सर्जनला फील्डमधली दुखापत सांगितली होती, आणि तेव्हा पेन्शनच्या लालचेने खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. वजन जास्त: २०१९ च्या बोर्डात होतं, २००९ च्या बोर्डात मर्यादेत होतं; वजन गुडघ्याच्या मागून आलं, आधी नाही. निवृत्तीनंतर शेती: झीज २०१९ च्या एक्स-रेत आहे, शेती २०२० नंतरची.

सप्टेंबर २०२३ चे नवे नियम आल्यावर ‘आता सगळं बंद झालं’ अशी हाकाटी झाली होती. ते २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांना लागू आहेत. २०२० च्या निवृत्ताला त्यांची भीती नाही.

निकाल, आणि उशिराची किंमत

या नमुना प्रकरणात न्यायाधिकरणाने उजवा गुडघा ‘सेवेने वाढलेला’ धरला, २० टक्क्यांचे ५० केले आणि कमरेचा विषय निघालाच नाही. थकबाकी मात्र अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती. हे तरसेम सिंग प्रकरणातलं, १३ ऑगस्ट २००८ चं तत्त्व: पेन्शनचं नुकसान दर महिन्याला होत राहतं, म्हणून उशिरा आलात तरी दावा जिवंत आहे, पण मागची थकबाकी तीनच वर्षांची. या मुद्द्यावर पुढेही निकाल येत असतात, तेव्हा अर्जात थकबाकी निवृत्तीच्या तारखेपासूनच मागायची. कमी मागून कुणी जास्त देत नाही.

पेटीतल्या पत्राची किंमत काढता येते. फेब्रुवारी २०२० ते मे २०२१, सोळा महिने गेले. ७,१२५ गुणिले १६ म्हणजे १,१४,००० रुपये. त्या काळात महागाई भत्ता १७ टक्क्यांवर गोठवलेला होता. तो धरला तर १,३३,३८०.

आदेश झाला की पैसे येतात असं नाही. न्यायाधिकरण अंमलबजावणीची मुदत देतं, उशीर झाला तर व्याज लावतं, आणि तरीही काही होत नसेल तर अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आदेशाची प्रमाणित प्रत नाशिकरोडला रजिस्टर्ड पोस्टाने, आपल्याकडूनही पाठवायची. सरकारी वकिलामार्फत ती पोहोचेल या भरवशावर राहायचं नाही. तिथून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयात जातं आणि सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, स्पर्श या ऑनलाइन पेन्शन पोर्टलवर दिसतो. स्पर्शचा पासवर्ड एजंटच्या हाती देऊन ‘टक्क्यांवर काम’ करून घेणारे गेवराईपासून उदगीरपर्यंत सगळीकडे आहेत. त्यांच्यामुळे बँक खातं बदललं गेलं तर ते निस्तरायला दाव्यापेक्षा जास्त वेळ जातो.

याच दरम्यान हवालदारांनी गुडघा बदलण्याचं ऑपरेशन लांबवलं होतं. ऑपरेशन केलं तर ‘बरे झालात’ म्हणून पेन्शन बंद होईल, ही गावगप्पा. ७ फेब्रुवारी २००१ च्या आदेशानंतर कायमस्वरूपी अपंगत्वासाठी ठरावीक काळाने होणारी फेरतपासणी बंद झाली आहे. बोर्डात ‘आजीवन’ लिहिलंय, म्हणजे आजीवन. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून रेफरल घेऊन ऑपरेशन करायला हरकत नाही. अपिलात नव्याने मेडिकल बोर्डासाठी बोलावलं असेल तेवढं आधी आटपून घ्यावं.

पीपीओ आल्यावर त्यातली टक्केवारी पाहायची. बोर्डाचे २० टक्के तसेच ठेवून, राउंडिंग ऑफ न करता २,८५० च्या हिशेबाने पीपीओ निघण्याची चूक होते. डिसॅबिलिटी एलिमेंटसमोर ५० टक्के आणि ७,१२५ हा आकडा आहे ना, सुरुवातीची तारीख आदेशातलीच आहे ना, एवढं ताडून घ्यायचं. फरक असला तर त्याच आठवड्यात स्पर्शवर तक्रार नोंदवायची, आदेशाचा परिच्छेद क्रमांक टाकून, आणि तक्रारीचा क्रमांक पेटीत नाही, वकिलाला कळवायचा.